एम-थ्री अडला होता आंशिक अपूर्णांकांवर

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेल्यांना एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, काय चीज आहे ते सांगायला नको. बारावीकडून आलेल्यांचं एम-वन, एम-टू पहिल्या वर्षात झालेलं असतं. आमचं गणित, निदान माझ्या मेकॅनिकल शाखेत, डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात संपलं होतं. मधली वर्षं वर्कशॉप, ड्रॉइंग आणि थर्मलमध्ये गेली आणि मग एकदम समोर लाप्लास, म्हणजे टीमधलं (वेळेतलं) समीकरण एसमध्ये नेऊन सोपं करायची रीत. माझा एम-थ्री राहिला, बॅकलॉग होऊन पुढच्या वर्षात सोबत आला, आणि शेवटी निघाला तेव्हा चांगल्या मार्कांनी निघाला. तो कसा निघाला हे लिहितोय, कारण त्या काळात मला मिळालेला जवळजवळ प्रत्येक सल्ला एकाच शब्दाचा होता: बस. अभ्यासिकेत बस, दहा तास बस, सॉल्व्ड पेपर्स पाठ करत बस. त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. बसत तर मी होतोच.

व्हेक्टर, प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती युनिट्स पुढे सांगतो त्याच पद्धतीने झाली आणि लवकर झाली. गाडी रुतली होती ती इन्व्हर्स लाप्लासपाशी, एसमधून परत टीमध्ये येताना.

सरळ लाप्लासला अडचण नव्हती, टेबल पाठ होतं. डिफरन्शियल इक्वेशन घ्या, दोन्ही बाजूंचा लाप्लास काढा, सुरुवातीच्या अटी घाला, वाय एकीकडे आणा. इथवर सगळ्यांचं जमतं. मग समोर एक अपूर्णांक उभा राहतो, त्याच्या छेदात एसची लांबलचक बहुपदी असते, आणि तो परत टीमध्ये आणायचा असतो. मी ज्या क्लासला जायचो तिथे फळ्यावर ही पायरी एका ओळीत उरकली जायची. ‘बाय पार्शल फ्रॅक्शन्स, वी गेट’ एवढं म्हणून खाली ए, बी, सीच्या किमती लिहून सर पुढे जायचे. पार्शल फ्रॅक्शन्स, म्हणजे आंशिक अपूर्णांक: मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडायचे; ए, बी, सी हे त्या तुकड्यांचे अंश. बघताना सगळं कळायचं. खोलीवर येऊन तेच गणित कोऱ्या कागदावर घेतलं की तिसऱ्या ओळीत हात थांबायचा. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर: प्रॅक्टिस कमी पडतेय. आणि प्रॅक्टिस म्हणजे काय, तर सॉल्व्ड पेपर्समधलं आणखी एक सोडवलेलं गणित वहीत उतरवायचं. सबंध सेमिस्टर यात गेलं.

माझी मावसबहीण तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होती. सुट्टीत घरी आली असताना माझी वही चाळत तिने विचारलं, “अरे, उत्तर झाकून सोडवतोस का कधी?” मी म्हटलं, “ताई, आधी येऊ तर दे, मग झाकीन.” त्यावर तिने मला तिच्या अभ्यासक्रमातला एक प्रयोग सांगितला. तो मी नंतर स्वतः वाचला. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी चारही सत्रांत तो वाचला. काहींनी एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. माझ्या जिव्हारी लागली ती पुढची गोष्ट: आपल्या जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. क्लासमधून बाहेर पडताना मलाही रोज अशीच खात्री असायची.

मग झाकून सोडवायला लागलो. झाकल्यामुळे मार्क वाढायच्या आधी एक मोठा फायदा झाला, नेमकं कुठे अडतंय ते दिसायला लागलं. प्रत्येक वेळी हात थांबलेल्या ओळीवर मी लाल पेनाने रेघ मारत गेलो. वही भरत आली तेव्हा जवळपास सगळ्या रेघा दोनच ठिकाणी होत्या: अपूर्णांकाचे तुकडे पाडणं आणि छेदाचा पूर्ण वर्ग करणं. म्हणजे लाप्लास मला येतच होता. येत नव्हतं ते अकरावी-बारावीचं बीजगणित, आणि तेही पुरेशा वेगाने येत नव्हतं. एकटी ती पायरी दिली असती तर वेळ लावून मी केलीही असती.

मग गणितात घातल्यावर तीच का जमत नाही? याचं उत्तर मला वर्किंग मेमरीत मिळालं. या क्षणी डोक्यात धरून वापरता येईल असा जेवढा माल असतो, तेवढी ही मेमरी. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्यात मोठा वाटा उचलतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली या मालाची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती; नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती आणखी खाली आणली, साधारण चार. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं आहे हे. चार भांडी मावतात, पाचवं ठेवायला गेलात की एक खाली पडतं. आता इन्व्हर्स लाप्लासच्या एका गणितात एकाच वेळी काय काय धरायचं असतं ते मोजा. मूळ समीकरण, सुरुवातीच्या अटी, शिफ्टिंगचा नियम, टेबलातलं सूत्र आणि चिन्हं. त्यात ए, बी, सी शोधायची तीन समीकरणं घुसली की ओटा भरला. सरांच्या डोक्यात ती सगळी खटपट वर्षानुवर्षांच्या सवयीने एकच वस्तू झालेली असते, म्हणून ते ती एका ओळीत सांगू शकतात. माझ्या डोक्यात तिचे सहा तुकडे होते. जॉन स्वेलर १९८८ पासून हेच मांडत आले आहेत की नवशिक्याचं डोकं गणित सोडवण्याच्या धडपडीतच भरून जातं आणि शिकायला जागा उरत नाही. हे एकाही शिक्षकाने वर्गात दोन मिनिटं काढून सांगितलं असतं तर माझं आणि माझ्यासारख्या कितीतरी डिप्लोमावाल्यांचं सेमिस्टर वाचलं असतं.

यानंतर मी जे केलं ते रूममेट्सना पटलं नाही. लाप्लास बंद केला. ते फुरियरच्या पुढच्या युनिटवर पोहोचले होते आणि मी बारावीचं पुस्तक उघडून अपूर्णांकांचे तुकडे पाडत बसलो होतो. जीव कासावीस व्हायचा, रोज वाटायचं की आपण मागे पडतोय. तरी सोडलं नाही. रोज थोडीच, पण घड्याळ लावून, आणि उत्तर झाकूनच. १ ÷ [(एस+१)(एस+२)(एस+३)] असा अपूर्णांक दिसला की तीन समीकरणं मांडत बसायचं नाही. हेविसाइडची झाकायची रीत वापरायची: (एस+१) बोटाने झाका, उरलेल्यात एस = −१ घाला, १/२ मिळतो. (एस+२) झाका, −२ घाला, −१ मिळतो. (एस+३) झाका, −३ घाला, पुन्हा १/२. तिघांची बेरीज शून्य येते, आणि यायलाच हवी, कारण अंशाची कोटी छेदापेक्षा दोन किंवा त्याहून जास्त अंकांनी कमी आहे. एवढा ताळा केला की चिन्हांच्या चुका तिथेच सापडतात. ही रीत देणाऱ्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पूर्ण वर्गाचंही तसंच केलं. अंशात १ आणि छेदात एस² + ४एस + १३ दिसलं की (एस+२)² + ९ दिसलं पाहिजे, आणि ते दिसलं की ई चा −२टी घात आणि साइन ३टी दिसलं पाहिजे, तीनने भागलेलं. विचार न करता दिसेपर्यंत करायचं. ‘समजलं’ या टप्प्यावर थांबलात तर ओट्यावरची जागा मोकळी होत नाही.

मग लाप्लास पुन्हा उघडला आणि पहिलं गणित न अडखळता शेवटपर्यंत गेलं. दुसरंही गेलं. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. लाप्लास म्हणजे काय हे तिला माहीत नसताना तिने सगळं ऐकून घेतलं. मला इतका आनंद इंजिनिअरिंगच्या निकालांतही क्वचितच झालाय.

आता बाकीच्या गोष्टी, जशा आठवतात तशा.

गणितं मिसळून करा. सॉल्व्ड पेपर्स टाइपप्रमाणे लावलेले असतात, त्यामुळे कुठली पद्धत लावायची हे शीर्षकच सांगतं. पेपरात ते सांगायला कोणी नसतं. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं होतं. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर. मी जुन्या पेपरांची झेरॉक्स काढून प्रश्न कापले आणि सगळ्या युनिट्सच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची आणि फक्त पहिली ओळ लिहायची: कुठली पद्धत आणि का. बसच्या रांगेतही हे होतं.

गणिताची धास्ती असेल तर हेही ऐका. इयन लायन्स आणि सियन बायलॉक यांनी २०१२ साली धास्ती असलेल्या लोकांचे मेंदू स्कॅन केले. गणित येणार आहे असं कळताच वेदनेशी जोडलेला भाग, इन्सुला, जागा व्हायचा. प्रत्यक्ष गणित करताना मात्र तसं होत नव्हतं. म्हणजे त्रास वही उघडेपर्यंतचाच. मी स्वतःला सांगायचो, एकच चिठ्ठी, आणि तेवढ्यावर सुरू व्हायचो.

पेपराच्या आदल्या रात्री नाइट मारू नका. जेन्किन्स आणि डॅलेनबाक यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं जागेपणी जेवढं विसरतं त्यापेक्षा झोपेत बरंच कमी विसरतं. पुढे १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी जोडलेल्या भागात, दिसलं की धावताना ज्या पेशी एकत्र चालू होत होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चालू होतात. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, अवघड गणित संध्याकाळी घ्यायचं, झोपायचं, आणि सकाळी चहाच्या आधी तेच कोऱ्या कागदावर सोडवायचं. माझ्यासाठी याहून उपयोगी सवय दुसरी नव्हती.

अंतर ठेवा, हे वर राहून गेलं. आज जमलेलं गणित उद्या करू नका, चार दिवसांनी करा, मग दहा दिवसांनी. थोडं विसरल्यावर आठवायला जोर लागतो, आणि त्या जोरानेच ते टिकतं.

निकाल मनासारखा नसेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा बघा. माझ्या कॉपीत लाप्लासचे दोन प्रश्न एकाच पायरीवर सोडलेले दिसले. मार्क वाढले नाहीत, पण वहीतल्या लाल रेघा जे सांगत होत्या तेच तिथेही होतं.

ज्यांचा पेपर महिन्यावर आलाय त्यांनी पहिला आठवडा झाकून सोडवण्यात घालवावा आणि आपल्या रेघा शोधाव्यात. त्या कदाचित इंटिग्रेशनवर असतील, कदाचित त्रिकोणमितीच्या सूत्रांवर. दुसरा आठवडा फक्त तेवढ्यासाठी द्या, वर्गमित्र कुठेही पोहोचलेले असोत. मग युनिट्स मिसळून घ्या. शेवटच्या आठवड्यात नवीन पुस्तक उघडू नका; डब्यातल्या चिठ्ठ्या आणि वेळ लावून सोडवलेले दोन-तीन जुने पेपर पुरतात.