काठीला बांधलेली बाटली

घारापुरी ते गेटवे पोहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, प्रश्न फक्त हातांचा आहे. अंतर साधारण 14 किलोमीटर. टिळक टँकवर पोहायला येणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना रोहन मोरेचं नाव तोंडपाठ. पुण्याच्या या पठ्ठ्याने 2018 मध्ये ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाण्याचं आव्हान, पुरं केलं, मग आपल्याला एवढंसं काय जड, असा माझा चाळिशीतला हिशोब.

पहिला घोळ खाण्यात झाला. एका जिममधून मिळालेल्या डाएटच्या तक्त्यावर मी दोन महिने भात-पोळी जवळपास बंद केली होती. वजन उतरलं, नातेवाइकांत कौतुक झालं. मग एका रविवारी सलग तीन तास पोहायचं होतं. दोन तास होत आले आणि हात भिजलेल्या गोधडीसारखे झाले. सर काठावरून "कोपर वर, कोपर वर!" ओरडताहेत आणि मला फेऱ्या मोजता येईनात. बेचाळीस झाल्या की बावन्न? बाहेर आल्यावर सरांनी आदल्या रात्रीचं जेवण विचारलं. सूप आणि कोशिंबीर. ते एवढंच म्हणाले, "आज रात्रीपासून भात."

भात-पोळीतल्या कर्बोदकांचा, म्हणजे कार्ब्जचा, स्नायूंत आणि यकृतात होणारा साठा म्हणजे ग्लायकोजेन. ते दमदार पोहताना दीड-दोन तास पुरतं. पुढचं पाण्यातच प्यायचं, तासाला साधारण 60 ग्रॅम कार्ब्ज. मी ओआरएसवर भागेल असं धरून चालले होते. पण त्याच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम. ते जुलाबांसाठी, पोहण्यासाठी नव्हे. मग माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या कार्ब्जची, पावडर आणली. फारशी गोड नाही, हाच तिचा मोठा गुण. पण अधाशीपणा करून तासाभराची पावडर एका छोट्या बाटलीत कालवली. असलं घट्ट पाणी पोटातून लवकर पुढे सरकतच नाही, आणि आपण आडवे. कशीबशी काठ गाठून ओकले. त्यानंतर दर अर्ध्या तासाला 30 ग्रॅम, साडेतीनशे मिली पाण्यात. किंचित मीठ, आल्याचा रस.

पिण्याचीही तालीम लागते. होडीला हात लागला की पोहणं बाद, म्हणून बाटली काठीने पुढे करतात. बाबांनी कपडे वाळत घालायची काठी आणली, तिला नाडीने बाटली बांधली आणि टँकच्या काठावर उकिडवे बसले. आजोबा मासे धरताहेत का, असं एका पोराने विचारलंच. पाठीवर उलटायचं, प्यायचं, बाटली सोडून निघायचं. सुरुवातीला मला दीड मिनिट लागायचं. समुद्रात तेवढ्यात प्रवाह कुठल्या कुठे नेतो. महिनाभराने वीस सेकंदांवर आले.

प्रत्यक्ष दिवशी अंधारातच उतरले. तासाभरात खाऱ्या पाण्याने जीभ सोलल्यासारखी झाली. कोमट आल्याचं पाणी तेवढं गोड लागत होतं. तिसऱ्या बाटलीला काठी आली, पण धरणारा हात बाबांचा नव्हता. त्यांना बोट लागली होती. होडीच्या दुसऱ्या बाजूने आवाज आला, "अगं, तू पी, माझं चालू दे!"

गेटवेला पोचले तेव्हा एक बाटली उरली होती. ती बाबांनी प्यायली.