हरिहर ते दावणगेरे, १४ किलोमीटर

आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर तो फ्लेक्स अजून आहे. ‘मिरज ते कन्याकुमारी सायकलवर! हार्दिक अभिनंदन!’ खाली हेल्मेट घातलेला माझा फोटो आणि भावाने हौसेने छापून घेतलेला आकडा, १३०० किमी. तेव्हापासून दूधवाला मला मॅडम म्हणायला लागलाय.

त्या तेराशेतले चौदा मी सायकलवर केलेले नाहीत.

तिसरा दिवस होता. हुबळी ते दावणगेरे, साधारण १४५ किमी. कागदावर सगळ्यात सोपा दिवस हाच. घाट नाही, हायवे सरळसोट, वाटेत शिग्गाव, हावेरी, राणेबेन्नूर अशी खाण्यापिण्याची गावं. डिसेंबरची अखेर होती, पहाटे साडेपाचला लॉजवरून निघाले तेव्हा हातमोज्यांतही बोटं आखडली होती. साडेसातला शिग्गावात इडली-वडा हाणला, वर दोन चहा. हॉटेलवाल्याने विचारलं, “यल्लिंद बंदीरी?” कुठून आलात? माझी आजी अथणीची, त्यामुळे तोडकंमोडकं कानडी येतं. मिरज म्हटल्यावर त्याने मान डोलावली. कन्याकुमारी म्हटल्यावर पैसे घेताना एकदा सायकलकडे आणि एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. “ओब्बरेना?” एकटीच? हा प्रश्न पुढे दिवसभर पुरला.

गणित चुकलं ते वाऱ्याचं. हिवाळ्यात त्या पठारावर वारा पूर्वेकडून येतो आणि हुबळीपासून रस्ता आग्नेयेला जात जात पूर्वेकडे कलतो. म्हणजे सकाळी वारा डाव्या कानात आणि दुपारनंतर थेट नाकावर. घाटात निदान वर पोचलं की उतार पदरात पडतो. इथे तीन तास पायडल मारून झाले तरी हिशेब शिलकीत येईना. हावेरीपर्यंत ताशी अठरा-वीस पडत होते, राणेबेन्नूरच्या पुढे अकरा.

दुसरी गोष्ट तार. हायवेवर ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात आणि त्यातून केसासारख्या बारीक पोलादी तारा सुटून नेमक्या आपण सायकल चालवतो त्या पट्ट्यात पसरतात. खिळा लागला तर कळतं तरी. ही तार टायरमध्ये शिरते, ट्यूबला टोचत राहते आणि पाच-सहा किलोमीटरनंतर मागचं चाक मऊ लागायला लागतं. बंकापूरजवळ पहिलं पंक्चर. ट्यूब बदलली, बोट फिरवून टायर आतून तपासला, काही लागलं नाही. हावेरीच्या अलीकडे पुन्हा तेच. मग रस्त्याकडेला बसून ओढणीचं टोक टायरच्या आतून इंच-इंच फिरवलं. एका जागी धागा अडकला. चिमट्याने ओढली तर जेमतेम तीळभर तार. तिच्यापायी दोन ट्यूबा गेल्या.

तसा रस्ता काही वाईट नव्हता हो. मोटेबेन्नूरला ब्याडगीचा फाटा लागतो. आमच्याकडे वर्षाच्या चटणीत रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, त्यामुळे हे नाव मी पोरवयापासून पोत्यांवर वाचत आलेय. ते गाव खरोखर कुठेतरी असतं हे पाटीवर बघून उगीच भरून आलं. तेवढ्यात मिरच्यांचा ट्रक शेजारून गेला आणि पुढचे दोन मिनिटं नुसत्या शिंका. एका हाताने हँडल, दुसऱ्याने नाक.

आणि मका. तिकडे त्याला गोविनजोळ म्हणतात. राणेबेन्नूरच्या आसपास सर्व्हिस रोडची अर्धी बाजू मक्यानेच व्यापलेली, कडेने दगडांची रांग, की गाड्या वर येऊ नयेत. एक बाई त्या पिवळ्याजर्द दाण्यांतून अनवाणी चालत होती. चालत म्हणजे पाय न उचलता, नुसते ओढत. मागे दोन पावलांच्या दोन सऱ्या उमटत जायच्या. शेवटाला पोचली की वळून बाजूच्या नव्या पट्ट्यातून परत. खालचा ओला दाणा वर यायला ही युक्ती. मी दगडांपलीकडे थांबून पाणी पीत बघत होते. चार फेऱ्या झाल्यावर तिने मान वर केली आणि हाताने खूण केली, जा की पुढे, काय बघतेस.

हरिहरला तुंगभद्रेचा पूल ओलांडला तेव्हा पावणेपाच झाले होते. गावातलं हरिहरेश्वराचं देऊळ बघायचं मी आधीपासून ठरवलेलं. तेराव्या शतकातलं, होयसळांच्या काळातलं. मूर्तीची उजवी बाजू शिवाची, डावी विष्णूची. ते राहिलंच. कारण पुलापासून थोडं पुढे मागचं चाक पुन्हा मऊ. ट्यूबा संपलेल्या. पंक्चरची पेटी काढली तर सोल्युशनची नळी आतल्या आत वाळून रबर झालेली. वर्षापूर्वी एकदा उघडली होती, टोपण नीट लावलं नसणार.

आता खरं सांगते. हरिहर काही जंगल नाही. सायकल ढकलत किलोमीटरभर मागे गेले असते तर पंक्चरवाला मिळाला असता, अर्ध्या तासात पॅच बसला असता, दिवा लावून सातपर्यंत मी दावणगेरेत पोचले असते. मला ते करायचं नव्हतं. त्या वाऱ्यात आणखी एकही पायडल मारायचं नव्हतं.

टेम्पो मी हात करून थांबवला. मागे मक्याची पोती, पुढे ड्रायव्हर आणि त्याची आई. सायकल पोत्यांवर आडवी बांधली. म्हातारीने सरकून जागा केली, “बर्री, बर्री,” या, या म्हणत, आणि माझं हेल्मेट स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. मग चौकशी. मुलं किती? नवरा काय करतो? तो कसा पाठवतो? मी म्हटलं, तोच रोज रात्री फोन करून विचारतो, पंक्चर झालं का. हे तिला फार पटलेलं दिसलं नाही. काचा बंद होत्या. केबिनमध्ये वारा अजिबात लागत नव्हता, नुसता बाहेरची झाडं हलवत होता. पैसे घ्यायला दोघंही तयार होईनात.

पंक्चर सकाळवर टाकलं. रात्री बेण्णे दोसे, म्हणजे लोण्याचा डोसा, खायला गेले. लहानसाच, जाड, कडा कुरकुरीत, वर लोण्याचा गोळा वितळत असलेला, सोबत बटाट्याची पांढरी भाजी आणि खोबऱ्याची चटणी. एक झाला, दुसरा झाला, तिसरा मागवला आणि फोन वाजला. सायकलचं अॅप मी हरिहरला बंद करायला विसरले होते. १४५ किलोमीटर पूर्ण दाखवून ते आपणहून ग्रुपवर गेलं होतं. खाली अंगठे, फुलं, ‘ताई, तुम्ही म्हणजे कमाल!’ आणि आमच्या रविवारच्या राइडला येणाऱ्या एका इंजिनीअर पोराचा प्रश्न: ‘शेवटचे १४ किमी ५२च्या स्पीडने? उतार होता का?’

बोटाला लोणी लागलेलं होतं. डाव्या हाताने टाइप केलं, ‘हो.’