बाहुलीघराचे साडेनऊ हजार

लेकीसाठी मागवलेला बाहुलीघराचा किट आज उघडला. साडेनऊ हजार! आई लगेच, "एवढ्यात आपल्या माडीचा पत्रा बदलला असता की."

माप १:१२, म्हणजे खरा एक फूट तो इथे एक इंच. लेसरनं कापलेलं प्लायवूड, कडा किंचित जळक्या, पण खाचेत खाच टक्कन बसते. गेल्या वर्षीच्या आठशेवाल्यात एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, खिडकी दाबताच मोडली, जिना तर शेवटपर्यंत तिरकाच. म्हणजे पैसे अचूक कापणीचे. आतलं फर्निचर, रंग, दिवे वेगळे घ्यायचे, हे मात्र खोक्यावर बारीक अक्षरात!

इंग्लंडच्या राणी मेरीचं १९२४ सालचं बाहुलीघर याच मापाचं. त्यात नळाला पाणीसुद्धा येतं. आमच्या गल्लीपेक्षा बरं.

संध्याकाळी शहापूरच्या सुतारकाकांना दाखवलं. खिडकीची चौकट डोळ्याजवळ धरून म्हणाले, "लाकूड काय, पाचशेचं हाय. पण ही जाळी हातानं कापायला मला चार दिवस लागतील बघ." मग किंमत जरा कमी टोचली.

छत अजून बसायचंय. लेकीनं तोवर गोकाकचा खेळण्यातला लाकडी पेरू आणून दिवाणखान्यात ठेवलाय. दारातून आत जाईना, म्हणून वरून टाकला.