एका कान्यासाठी 8 महिने

नाशिकच्या एका शाळेत 31 वर्षे मराठी शिकवताना मुलांच्या वह्यांतले काने आणि वेलांट्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर मात्र माझ्याच घराचे काम एका कान्यावाचून 8 महिने अडून राहिले.

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, भात-नागलीच्या मुलखात, सासऱ्यांची दीड एकर जमीन आणि तिच्यातच दोन खोल्यांचे कौलारू घर आहे. शहरातला फ्लॅट मुलाकडे सोपवून आम्ही दोघे 2024 च्या उन्हाळ्यात तिथे राहायला गेलो. कौले चाळून घेणे, विहिरीतला गाळ काढणे ही कामे महिनाभरात उरकली. विजेचे मीटर यजमानांच्या नावावर करताना सातबारा मागितला गेला आणि तो अद्याप सासऱ्यांच्याच नावावर असल्याचे ध्यानात आले.

वारस नोंद ही एरवी साधी गोष्ट आहे. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यायचा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार, म्हणजे मालकीतील बदलाची नोंद, लिहितात, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नणंदबाईंनी सिन्नरहून येऊन सह्याही केल्या. अर्ज मात्र परत आला, कारण मृत्यूच्या दाखल्यावर सासऱ्यांचे नाव ‘रामाजी’ होते आणि संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘रामजी’. तालुक्याच्या कार्यालयातील लिपिक शांतपणे म्हणाले, “मॅडम, या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात.” व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला खोडता येईना, आणि मला खरा संताप आला तो त्याचाच.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर काना ठसठशीत होता. तो संगणकात नोंदी चढवताना गळला. अशी लेखनातील चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळले. त्या अर्जासोबत जुन्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल लागते, हे चौथ्या खेपेला. अभिलेख कक्षात फेरफार क्रमांक विचारला गेला, तो आमच्याजवळ नव्हता, म्हणून पुन्हा परत. वास्तविक तो उताऱ्यावरच, नावाशेजारी लहान वर्तुळात लिहिलेला असतो; परंतु खिडकीपलीकडून तेवढे एक वाक्य कोणी बोलले नाही. त्यानंतर 20 नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदान आले आणि अर्धे कार्यालय निवडणुकीच्या कामाला गेले. आमची फाईल कोणाच्या टेबलावर आहे, याचे उत्तर दर वेळी निराळे मिळे. पोचपावती घेतली नसती, तर अर्ज दिल्याचेही सिद्ध करता आले नसते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

ज्या दिवशी तालुक्याला जायचे नसे, त्या दिवशीही मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसत असे. शेजारच्या आजी नागलीची भाकरी शिकवायला येत. नागलीच्या पिठात उकळते पाणी घालून ते गरम असतानाच मळावे लागते, नाहीतर थापताना भाकरी कडेने चिरते. माझे लक्ष पिशवीकडेच असल्याचे पाहून एकदा त्या म्हणाल्या, “बाई, कागद येईल तवा येईल, पीठ गार होतंय.” त्या दिवशी पिशवी खुंटीला अडकवली. खुरासणीची चटणी, ती भाकरी आणि समोर कापणी झालेले भाताचे खाचर, एवढ्यावर जेवण पुरे होते हे मला साठीनंतर समजले. शहरात ताटात चार पदार्थ असूनही माझा अर्धा जीव घड्याळात असे. तरीही त्या कार्यालयाला मी माफ केलेले नाही.

फेब्रुवारीत आदेश झाला, काना परत आला आणि मग वारस नोंद महिन्याच्या आत पार पडली. अर्ज घेऊन कार्यालयात जाण्यापूर्वी 15 रुपये भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा आणि त्यातले प्रत्येक नाव मृत्यूच्या दाखल्याशी अक्षर अक्षर ताडून पाहावे. आम्ही हे आधी केले असते, तर निदान चार खेपा वाचल्या असत्या. नवा उतारा हाती आला तेव्हा यजमानांनी आधी क्षेत्र पाहिले. मी चष्मा लावून सगळे काने मोजले.