दोनोस्तियाची सुकती

सान सेबास्तियानला बास्क लोक दोनोस्तिया म्हणतात. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या शहरापासून फ्रान्सची हद्द जेमतेम वीस किलोमीटर. सप्टेंबरअखेरीस आई आणि मी तिथे चार दिवस राहिलो.

पहिल्या सकाळी ला कोंचाच्या पुळणीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती, आमच्या मालवणीत सुकती. 'कोंचा' म्हणजे शिंपला, आणि किनारा खरंच तसाच वळलेला आहे. समोर सांता क्लारा बेट आडवं पडलंय, त्यामुळे लाटा आत येईपर्यंत दमलेल्या असतात. घोटाभर पाण्यातून साठी-सत्तरीच्या बायका पोहण्याच्या कपड्यांत, जोडीजोडीनं चालत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. गप्पा अखंड. आई मालवणची. ती कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे बायका किनाऱ्यावर जायच्या त्या मासळी आली म्हणून. नुसतं चालायला कोण गेलंय!"

हा किनारा सजला तो राजघराण्यासाठी. 1845 मध्ये राणी दुसरी इसाबेल त्वचेच्या विकारावर उपाय म्हणून इथे समुद्रस्नानाला आली. पुढे राणी मारिया क्रिस्तिनानं उन्हाळे इथेच काढले आणि 1893 मध्ये मिरामार राजवाडा उभा राहिला. आज त्याच्या हिरवळीवर कुणीही जाऊन बसावं. आम्ही डबा घेऊन बसलो. मला या शहराचं सर्वात जास्त आवडलं ते हेच. देखणेपण जपलंय, पण त्याला कुलूप लावलेलं नाही.

संध्याकाळी जुन्या गावात गेलो. तिथल्या एका गल्लीचं नाव '31 ऑगस्ट'. 1813 मध्ये त्या दिवशी इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी नेपोलियनच्या सैन्याकडून शहर घेतलं, लुटलं आणि जाळलं. या गल्लीतली मोजकी घरं तेवढी वाचली. आज तिथे बारला बार लागून आहे. इथली खाण्याची रीत अशी, की एका ठिकाणी बस्तान मांडायचं नाही. काउंटरपाशी उभं राहून एक पिंचो, म्हणजे घासाएवढा छोटा पदार्थ, खायचा, घोटभर काहीतरी प्यायचं आणि पुढच्या दारात शिरायचं. चाकोली ही इथली हलकी, आंबटसर वाइन हात उंच करून ग्लासात ओततात, म्हणजे तिला जरा फेस धरतो.

आईनं पहिल्यांदा उचलली ती हिल्दा. दातकोरणीएवढ्या काडीवर एक ऑलिव्ह, लोणच्यातल्या बारीक हिरव्या मिरच्या आणि मधे दुमडून टोचलेली खारवलेली अँचोवी. तेलानं चकाकत होती. आईनं ती उजेडात धरून पाहिली, एका घासात तोंडात टाकली, डोळे मिटले. "अगं, ही आपल्या मांदेळीच्या कुळातली!" आणि बरोबरच होतं ते, मांदेळीसुद्धा अँचोवीच. मिरची तिला अगदीच मवाळ वाटली, पण तिनं दुसरी हिल्दा मागितली.

तिसऱ्या दिवशी मी सर्फिंगचा वर्ग लावला. त्यासाठी उरुमेआ नदी ओलांडून सुरिओलाच्या पुळणीवर जावं लागतं. इथे आडोसा देणारं बेट नाही, बिस्केचा उपसागर थेट अंगावर येतो. रस्त्यानं पोरं सायकलच्या बाजूला फळी अडकवून अनवाणी येत होती. वास्तुरचनाकार राफाएल मोनेओनं बांधलेल्या कुर्साल या सभागृहाच्या काचेच्या दोन ठोकळ्यांपुढून थेट वाळूत. दोन तासांत मी एकदाच उभी राहिले, तीनेक सेकंद. पायाखाली पाणी धावतंय आणि आपण त्याच्यासोबत चाललोय, हे तेवढ्यातही अंगभर कळलं. किनाऱ्यावर आईनं टाळ्या वाजवल्या, शेजारच्या अनोळखी आजींनीही.

निघायच्या सकाळी आईनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काही न बोलता पाण्यात शिरली. त्या बायकांच्या मागोमाग आम्ही मिरामारखालच्या खडकांपर्यंत गेलो. सुकती असली की त्यांना वळसा घालून पलीकडच्या ओंदारेताच्या पुळणीवर जाता येतं. एक आजी मागे वळून "काइशो!" म्हणाल्या, म्हणजे बास्क भाषेतला नमस्कार. आईही तितक्याच मोठ्यानं "काइशो!" म्हणाली.

ओंदारेतावर पोचल्यावर तिनं वाळूतली ओली रेघ पाहिली.

"भरती लागली गो. परत जाताना रस्त्यानं जाऊ."