भिंतीतून येणारी वायर बघा

इंटरनेटच्या बिलावर 'फायबर' (म्हणजे काचेच्या तंतूतून येणारं इंटरनेट) छापलंय म्हणून घरात फायबर आलंय, असं मी तरी मानत नाही. सरळ राउटरच्या मागे डोकावते. टेलिफोनची बारीक वायर आणि चपटी छोटी पिन दिसली तर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणारं इंटरनेट. जाड, गोल, आटे फिरवून बसवलेली असेल तर टीव्हीवाली कोॲक्स केबल. फायबर नाजूक; टोकाला बहुधा हिरवा किंवा निळा कनेक्टर, डब्यावर 'पॉन' (PON) लिहिलेला दिवा. (उगाच वाकवू नका, आत काच असते.)

फसवतं ते इथरनेट, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल. त्यात फायबर इमारतीपाशीच थांबतं, घरात येते ही वायर! शंका उरलीच तर स्पीड टेस्टमध्ये अपलोड बघा. डाउनलोड १०० एमबीपीएस आणि अपलोड जेमतेम १०? प्लॅनच तसा नसेल, तर मला आधी डीएसएल किंवा कोॲक्सचा संशय येतो.