पाठकोऱ्या कागदांचं जर्नल

हाताने बनवलेली आर्ट जर्नल्स, म्हणजे चित्रं काढायच्या, चिकटवायच्या वह्या, दिसायला इतकी सुंदर असतात ना, की त्यातली बरीचशी शेवटपर्यंत रिकामीच राहतात. कव्हरवर लेस, बटणं, जुना नकाशा, कडेला लोंबणारे दोरे, आणि आत उघडून बघावं तर कोरं करकरीत. एवढं खपून केलेलं, आता त्यात काहीतरी गिरबटून वाट कशी लावायची, म्हणून हातच लागत नाही. मला स्वतःला असली शोकेसमधली जर्नल्स अजिबात आवडत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की बनवायला बसण्याआधी आत काय करणार ते ठरवा. पेन्सिलने स्केच? शाई? वॉटरकलर? का नुसती चिकटवाचिकटवी? कागद, आकार, शिलाई हे सगळं त्यावरून ठरतं.

आणि रद्दीतून जर्नल करायची खरी मजा इथेच आहे, कारण रद्दी म्हणजे एक कागद नसतो, दहा जातीचे कागद असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ढीग पसरून बसायचं आणि वेगळे करायचे.

सगळ्यात कामाचे म्हणजे पाठकोरे प्रिंटआऊट. हा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो, पेन्सिल, बॉलपेन, जेलपेन सगळं मस्त चालतं, पण ओला रंग लावला की लगेच चुण्या पडतात. त्यावर उपाय सोपा आहे, दोन कागदांच्या छापील बाजू एकमेकांना चिकटवून टाकायच्या, म्हणजे दोन्हीकडून कोरा आणि दुप्पट जाड कागद मिळतो. ग्लूस्टिक वापरा, पातळ फेव्हिकॉल नको, त्याने कागद भिजून फुगतो. तरी वॉटरकलरचा खास कागद बहुधा ३०० जीएसएमचा असतो हे लक्षात असू द्या, आपला जोडकागद हलका वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सहन करेल, पाण्याचं तळं नाही.

पाकिटं तर मी कधीच टाकत नाही. एक म्हणजे आतल्या बाजूला ते निळं-करडं बारीक डिझाइन असतं, पत्रातला मजकूर बाहेरून दिसू नये म्हणून छापलेलं, आणि ते कोलाजला इतकं छान दिसतं की काय सांगू. दुसरं म्हणजे पाकीट न उलगडता तसंच मधोमध दुमडून शिवलं की पानाचा आपोआप खिसा होतो. खाकी पाकिटांचा कागद चिवट असतो, त्यावर पांढरं जेलपेन, गॉश (अपारदर्शक जलरंग), रंगीत पेन्सिली एकदम उठून दिसतात. पांढऱ्या कागदावर जो रंग फिका वाटतो तोच खाकीवर बोलायला लागतो.

गुळगुळीत मासिकांची पानं मात्र नुसती चित्रं कापायला. त्या कागदावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर दिलेला असतो, पाणी आत शिरत नाही, जेलपेन कितीही वेळ थांबलात तरी बोटाला लागतं. अगदी पानच वापरायचं असेल तर बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा आणि वर जेसोचा (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या प्रायमरचा) एक हात मारा, मग रंग धरतो.

वर्तमानपत्राचा कागद बहुतांशी लाकूड यंत्राने भरडून केलेल्या लगद्याचा असतो, त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं आणि उजेड-हवा लागली की तो पिवळा पडून तुकडे पडायला लागतात. रंगाखालचं टेक्स्चर म्हणून तो झकास आहे, वर अक्षरं अर्धवट डोकावतात ती छानच दिसतात, पण वीस वर्षांनी बघायचं काही असेल तर ते त्याच्यावर करू नका.

आणि मशिनमधून येणारी ती गुळगुळीत बिलं, तिकिटं? ती थर्मल पेपरची. उष्णता लागली की काळा पडणारा थर असतो त्यावर, शाई नसतेच, त्यामुळे काही महिन्यांत छपाई उडून जाते आणि आठवण म्हणून चिकटवलेलं तिकीट पांढरी पट्टी होऊन बसतं. ठेवायचंच असेल तर झेरॉक्स काढा आणि ती लावा. लगद्यात तर हा कागद टाकूच नका, त्या थरात बऱ्याचदा बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात.

आता लगदा. हाताने कागद करणं म्हटलं की सगळे आधी लगद्याकडेच धावतात, मिक्सर काढतात, आणि मी म्हणते की जर्नलसाठी त्याची गरज शंभरातल्या नव्वद पानांना नसते. कागद पुन्हा पुन्हा लगदा होत गेला की त्यातले तंतू दर वेळी आखूड होतात, साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते धड कागद धरण्याच्या लायकीचे राहत नाहीत. म्हणजे जो कागद अजून एका बाजूने कोरा, धडधाकट आहे त्याला कशाला कुटायचं? दुमडा आणि शिवा. लगदा करायचा तो ज्याचं दुसरं काहीच होणार नाही त्याचा, कातरण, फाटके तुकडे, दोन्हीकडून लिहिलेले चिटोरे.

पण करायचंच असेल तर थोडंसं तरी करा, कारण चौकट पाण्यातून वर येताना बघणं हा अनुभव घेण्यासारखा आहे. तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरला (स्वयंपाकाचा नको, वेगळा भंगारातला घ्या) भरपूर पाणी घालून थांबत थांबत फिरवा, एकसारखा फिरवत राहिलात तर तंतू आणखी आखूड होतात. हा लगदा टबभर पाण्यात सोडायचा, इतका पातळ की हात घातला तर ढगाळ पाणी वाटावं. दोन सारख्या चौकटी लागतात, एकीला मच्छरजाळी ताणून लावलेली, दुसरी नुसती, ती जाळीवर ठेवायची म्हणजे कागदाला कड मिळते. दोन्ही एकत्र धरून तिरप्या पाण्यात घालायच्या, आडव्या करायच्या आणि सरळ वर. या क्षणी दोन-तीन सेकंद असतात, जाळीवर पाणी असेपर्यंत, तेव्हा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवायचं, तंतू एकमेकांत अडकतात आणि एकदम चकाकी जाऊन पृष्ठभाग मॅट होतो. मॅट झाला की थांबा, त्यानंतर हलवलंत तर भेगा पडतात. मग वरची चौकट काढून जाळी ओल्या फडक्यावर उलटी टेकवायची, मागून स्पंजने पाणी टिपायचं आणि एका कडेने उचलायची. गंमत म्हणजे यात गोंद कुठेच नसतो. पाणी उडून जाताना तंतूंमधल्या सेल्युलोजचे हायड्रोजन बंध जुळतात आणि कागद आपला आपण धरतो.

असा कागद फडक्यावर वाळवला की खरखरीत होतो, काचेवर थापून वाळवला तर काचेकडची बाजू गुळगुळीत येते. लिहायला लागलात की मात्र कळेल, शाई फुटते, अगदी टीपकागदासारखी, कारण बाजारातल्या कागदाला पाणी अडवणारं सायझिंग दिलेलं असतं आणि आपल्या कागदाला नाही. वाळल्यावर पातळ स्टार्चची खळ किंवा कोमट जिलेटिनचं पाणी ब्रशने फिरवा, पुन्हा वाळू द्या, बराच फरक पडतो. आणि टबातलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, गाळून घ्या, नाहीतर पाइप तुंबतो. मी जर्नलमध्ये असले हातकागद मोजकेच घालते, मध्ये मध्ये, बाकी सगळे दुमडलेले.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही आणि जिच्यामुळे अर्ध्या वह्या वाकड्या होतात. कागदाला ग्रेन असतो. कारखान्यात कागद धावत्या जाळीवर बनतो त्यामुळे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. त्या दिशेला समांतर दुमडलं की घडी स्वच्छ येते, आडवं दुमडलं तर घडी तडकल्यासारखी होते, आणि ओला झाला की कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. जर्नलमध्ये ग्रेन नेहमी कण्याला, म्हणजे शिलाईच्या कडेला, समांतर हवा. बघायचं कसं? कागद न दुमडता नुसता वाकवून हाताने दाबून बघा, एकदा लांबीकडून एकदा रुंदीकडून, जिकडे कमी विरोध वाटतो ती घडी ग्रेनला समांतर. प्रिंटरच्या ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो, म्हणजे आपण सगळे जी सरळ मधोमध घडी घालून ए-फाइव्ह वही करतो ना, त्यात तो नेमका उलटा पडतो! डायरीला चालून जातं, पण रंग आणि गोंद लागला की पानं कण्यापाशी लाटा मारतात. म्हणून मी ए-फोर आधी मधोमध कापते आणि मग ते अर्धे तुकडे दुमडते, साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरची खिशात मावेल अशी वही होते आणि ग्रेन बरोब्बर बसतो. हातकागदाला मात्र ही कटकट नाही, त्याचे तंतू चहूकडे पडलेले असतात.

शिलाईसाठी चार-पाच कागद एकात एक घालून त्यांचा एक फर्मा करायचा. पहिल्यांदाच करताय तर एकच फर्मा करा, तीन भोकांची शिलाई, दहा मिनिटांचं काम. घडीवर एक भोक मधोमध, एक वर, एक खाली, टोचा नसेल तर जाड सुई बुचात खुपसून वापरा. दोरा घडीच्या उंचीच्या अडीच-तीन पट घ्यायचा आणि मेणबत्तीवरून ओढायचा म्हणजे गुंता होत नाही, गाठ घसरत नाही. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि दोन्ही टोकं तो लांब टाका मध्ये धरून गाठ. दोरा ओढताना कागदाच्या दिशेत ओढा, वर उचलून ओढलात तर भोक फाटतं.

चिकटवाचिकटवी करणार असाल तर शिवतानाच फर्म्यात बोटभर रुंद रिकाम्या पट्ट्या घाला, पानांच्या मध्ये मध्ये. त्या कण्याशी जाडी वाढवतात, म्हणजे पुढे पानांवर काहीबाही लागलं तरी वही तोंड वासून बसत नाही. हे नंतर करता येत नाही, म्हणून म्हटलं आधी ठरवा.

कव्हरला पॅडच्या मागचा करडा पुठ्ठा सगळ्यात बेस्ट, खोक्याचा नळीदार पुठ्ठा दबतो. आणि रद्दी कव्हरमध्ये घालणं ही काही आपली आयडिया नाही बरं का. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका रांजणात चौथ्या शतकातल्या १३ पपायरसच्या पोथ्या सापडल्या, बहुतेक सगळ्या एकाच जाड फर्म्याच्या, म्हणजे आपल्या पहिल्या जर्नलच्याच जातीच्या. त्यांची चामड्याची कव्हरं कडक राहावीत म्हणून आत वापरून झालेल्या पपायरसचे थर चिकटवले होते, पत्रं, हिशेब, पावत्या. त्यातल्या एका कव्हरातल्या कागदपत्रांवर इ.स. ३४८ सालापर्यंतच्या तारखा निघाल्या, म्हणजे ती पोथी त्याआधी बांधलेली असूच शकत नाही, असा काळ ठरवायला त्या रद्दीचाच उपयोग झाला. हे कळल्यापासून मी कव्हरच्या आतल्या थरात मुद्दाम तारखा असलेले कागद घालते, कुणाला सापडले तर सापडले.

आता वापरणं. छापील अक्षरं, कुणाचातरी अर्धा हिशेब, शिक्का, पंचिंगची भोकं, हे पानावर आधीच असतं हा फार मोठा फायदा आहे, कारण सुरुवात झालेलीच असते, तुम्हाला फक्त त्यात भर घालायची. अक्षरं त्रास देत असतील तर जेसो अर्धवट लावा, सगळं झाकू नका. भोकाभोवती डोळा काढा. तक्त्याच्या चौकटीत एकेक रंग भरून आपल्या रंगांचा चार्ट करा, हा माझा फार आवडता प्रकार आहे, एक्सेलचे प्रिंट यासाठीच जन्माला आलेत. आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायचा हट्ट सोडा, मधलं कुठलंही उघडा, तिथे शिलाई दिसते, पान सपाट पडतं, काम करायला सोयीचं.

ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी एवढं मात्र बघा, रंग वाळल्यावरही समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात, विशेषतः उकाड्यात आणि वही दाबून ठेवली की. मध्ये बटरपेपरचा तुकडा घाला किंवा मेणाचा हलका हात फिरवून मऊ फडक्याने पुसा. वही जाड होऊन मिटेनाशी झाली तर वजनाखाली दाबत बसू नका, रुंद इलास्टिक लावा आणि पुढची शिवायला घ्या.